मला विचारायचं होतंस, वैशू

वैशू,

तुझ्या कॉलेजच्या मुलींना त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं हवी आहेत. मॅडमच्या आठवणी लिहा म्हणाल्या. फोटोही मागितला, हसरा असला तर बरा. मी त्यांना सांगितलं, पानं देते, पण त्यात एक शब्द कातरायचा नाही. मॅडम देवमाणूस होत्या वगैरे वाक्यं हवी असतील तर ती तुमची तुम्ही लिहा, तुम्हाला ती चांगली येतात. मी तिची थोरली बहीण. हडपसरच्या मंडईत पालेभाजी विकते. ती गेली तेव्हा आमचं भांडण चालू होतं, अजून चालू आहे, आणि मी तेच लिहिणार.

चालेल म्हणाल्या. तर लिहिते.

तू गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांची माणसं भांडण मिटवून गेली असणार. तू तशी गेली नाहीस. सव्वादोन वर्षं आपण बोलत नव्हतो आणि तुझ्या घरी भेटायला आलेली बायामाणसं माझा हात धरून सांगत होती, "तुम्हा दोघी बहिणींचं किती होतं एकमेकींवर." मी मान हलवत होते. दुसरं काय करणार?

तुझ्या पहिल्या शिक्षणावर माझा राग नाही. ते मीच तुला करायला लावलं. अण्णा गेले तेव्हा तू दहावीत होतीस आणि मी गाडीतळाच्या फुटपाथवर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसायला लागले होते. घरातल्या एकीला तरी पंख्याखाली काम करू दे, असं मी आईला म्हटलं होतं. नर्सिंगची तीन वर्षं करून तू दवाखान्यात लागलीस आणि बघता बघता तरबेज झालीस. शीर पहिल्या टोचणीत सापडायची. चादर अशी ताणायचीस की एक सुरकुती नाही. जेवताना वॉर्डाच्या गोष्टी सांगायचीस त्या सगळ्या नंबरांच्या. आज बारा नंबरनं डोकं उठवलं. सात नंबर गेला गं, दुपारी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तरी कुठं गिऱ्हाईकांची नावं माहीत आहेत? चष्मेवाली, देठं मोडून बघणारी, रोज कढीपत्ता फुकट मागणारा. माल ताजा द्यायचा, जुडी भरलेली द्यायची, तोंड बंद ठेवायचं. तू त्यांना वेळेवर गोळी देत होतीस, मी वेळेवर भाजी देत होते. ती नर्स मला कळत होती.

मग अडतिसाव्या वर्षी तुला पुन्हा कॉलेजात जायची हुक्की आली. नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी दोन वर्षांची पदवी असते, ती करायची म्हणालीस.

"पगार वाढणार आहे का?" मी विचारलं.

"लगेच नाही."

"मग कामात काही कमी पडतंय?"

"तेच बघायला जातेय."

"इतकी वर्षं पालक विकल्यावर मला कुणी पालक ओळखायच्या शाळेत घातलं ना, तर मी पाटी फेकून मारीन त्याला."

"तू मारशीलच," तू म्हणालीस. "पण तुला पालक ओळखता येतो, ताई. मला माणूस ओळखता येतो का, ते मला नक्की माहीत नाही."

असली वाक्यं तू आधी बोलत नव्हतीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्याच वर्षी तुम्हाला एक काम दिलं. वॉर्डातला एक रुग्ण निवडायचा, आठ दिवस रोज त्याच्यापाशी बसायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. 'बसायचं' हे तू मला दोनदा सांगितलंस. सतरा वर्षांत तू रुग्णापाशी कधी बसली नव्हतीस. नर्स बसलेली दिसली की इन्चार्ज सिस्टर ओरडायच्या. तू निवडलेस ते एक निवृत्त हेडमास्तर होते, मांडीचं हाड मोडलेले. जेवायचे नाहीत. ताट आलं तसं परत जायचं. केसपेपरवर तिन्ही पाळ्यांच्या नर्सेसनी लिहून ठेवलं होतं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' नाकातून नळी घालायचं ठरत होतं. तू चार दिवस खुर्ची ओढून नुसती बसलीस. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "सिस्टर, खाल्लं की पुढचं सगळं आलं. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या तुम्ही. तुमच्याकडे भांडं मागायचं? त्यापेक्षा उपास बरा."

तू पलंगाला पडदा लावून घेतलास, त्या कामाला मावशींऐवजी वॉर्डातल्या मामांना पाठवायचं ठरवून दिलंस, आणि त्या संध्याकाळी मास्तर आमटीभात जेवले.

हे सांगायला तू रविवारी घरी आलीस तेव्हा मला वाटलं खूश असशील. तर तुझा चेहरा सुतकी. म्हणालीस, "ताई, 'सहकार्य करत नाही' हे मी आजवर किती जणांच्या कागदावर लिहिलं असेल?"

मी शेपू निवडत होते. म्हटलं, "याला दोन वर्षं कशाला लागतात? मला विचारायचंस. मी सहा वर्षं गाडीतळावर बसले. पहाटे चारला चहा पिऊन निघायचे ते दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब नाही. प्यायलं तर जायचं कुठं? बायकांना जागाच नव्हती तिथं. उन्हाळ्यात दोनदा चक्कर येऊन पडले. आईला वाटायचं, कामाच्या नादात विसरते."

तू हातातली काडी खाली ठेवलीस. "हे तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं?"

तू पर्समधून वही काढलीस आणि म्हणालीस, "परत सांग. सावकाश सांग." मी सांगितलं, तू लिहिलंस. तुझ्या त्या वहीत हेडमास्तरांच्या मागच्या पानावर मी आहे. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. दहावीला गणितात उडालेली बाई पदवीच्या वहीत गेली. त्यानंतर घरी आलीस की चप्पल काढायच्या आधी विचारायचीस, "पाणी प्यालीस का?" तुझ्या त्या शिक्षणानं मला दिलेली ही एक गोष्ट आहे. राग असला तरी ती लपवणार नाही.

पण त्याच शिक्षणानं पुढं जे केलं त्याचं काय?

तू पदवी घेऊन कॉलेजात शिकवायला लागलीस आणि तीन वर्षांत आईच्या किडन्या गेल्या. हृदयही कमजोर. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे चार तास मशीनला जोडून रक्त धुवून घ्यायचं. मी काय केलं तेही तुझ्या कॉलेजच्या मुलींना कळू दे. मशीनवर सोयीची वेळ सहज मिळत नाही. सकाळच्या वेळा जुन्या रुग्णांच्या नावावर असतात. आईला मंगळवार-शुक्रवार अकराची पाळी मिळावी म्हणून मी तीन महिने त्या विभागाच्या दाराशी घासाघीस केली. टेक्निशियनशी केली, इन्चार्जशी केली, ज्याच्या सासऱ्याची ती पाळी होती त्या जावयाशी केली. शेवटी सासरे दुपारच्या पाळीला गेले आणि अकराची आईला मिळाली. आता पहाटे मांजरीच्या घाऊक बाजारातून माल आणून, गाळा लावून, शेजारणीला बसवून मला तिच्यासोबत जाता यायचं. आयुष्यात मी बरेच सौदे केले. त्या सौद्याचा मला अभिमान होता.

आणि पथ्य. किडनीच्या रुग्णाला पालेभाजी बंद. घरात पालेभाजीचा धंदा आणि आईच्या ताटात दुधी, तोही उकळून पाणी ओतून दिलेला. पाणी दिवसाला मोजून. आई विचारायची, "चाकवत आला का गं?" मी म्हणायचे, "नाही आला." गाळ्यावर ढीग असायचा. अकरा महिने मी आईशी रोज खोटं बोलले ते तिला जगवायला बोलले. मशीनच्या दिवशी ती यायची ती ओकत यायची, दुसरा दिवस झोपून जायचा, तिसऱ्या दिवशी जरा उठून बसायची की पुन्हा मशीनचा दिवस. मला ते दिसत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, बाजार पडतो तसा चढतोही.

त्या गुरुवारी सकाळी मी मांजरीला शेपूचा शेकड्याचा भाव पाडून मागत होते, तेव्हा टेक्निशियनचा फोन आला. "ताई, उद्यापासून तुमची अकराची पाळी दुसऱ्यांना दिली. काल आजींनी सही केली ना, बंद करायची. वैशाली मॅडम होत्या सोबत."

"कसली सही?" मी म्हटलं.

त्यानं घाईनं फोन ठेवला. समोर शेतकरी विचारत होता, "घेताय का, बाई?" वैशू, तो माल मी त्यानं सांगितलेल्या भावाला उचलला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आदल्या दिवशी तू आईला तपासणीला नेते म्हणून नेलं होतंस. मी तुला वर डबा करून दिला होता.

घरी आले तर तू पलंगावर बसून आईचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत होतीस. मी तुला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"कुणाला विचारून केलंस?"

"आईला."

"आई घाबरलीय. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं."

"म्हणून एकदा नाही विचारलं, ताई. आठ दिवस रोज विचारलं. मशीनच्या दिवशी विचारलं, मशीन नसताना विचारलं. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून समजावलं, बंद केलं तर काय होईल ते. तिला सगळं कळलंय."

"अगं, गिऱ्हाईक नको म्हणतं तेव्हा त्याला नको नसतं. त्यावर पोट भरलंय मी आपल्या सगळ्यांचं."

"आई गिऱ्हाईक नाहीये."

"आणि मी कोण आहे? आठ दिवस तिला विचारलंस. मला एकदा विचारायला तोंड शिवलं होतं तुझं?"

तू खाली बघितलंस. "तिनंच सांगितलं होतं. मंगलला सांगू नको, ती भांडून मला परत नेल."

तेवढ्यात आतून आईचा आवाज. "समदं ऐकू येतंय मला. मी काय मेथीची जुडी हाय का, दोन्हीकडनं ओढायला?"

तू हसलीस. मला हसू आलं नाही.

आई त्यानंतर अकरा दिवस होती. तू रजा टाकून आमच्याकडेच राहिलीस. दम लागला की काय द्यायचं, ओठ कशानं ओले करायचे, कूस किती वेळानं बदलायची, सगळं तुझ्या हातात. मी तुझ्याशी बोलत नव्हते. दुसऱ्याच दिवशी तू म्हणालीस, "तिला चाकवत खायचाय. येताना आण." मी म्हटलं, माझ्या हातानं मी तिला विष देणार नाही. तर तू काय केलंस? मंडईत आलीस आणि माझ्या समोरच्या बाईच्या गाळ्यावरून चाकवत नेलास. तिच्या आणि माझ्या गाळ्यात चार पावलांचं अंतर आणि वीस वर्षांचं वैर आहे, हे तुला माहीत होतं. तिनं मुद्दाम आवाज चढवून विचारलं, "काय सिस्टर, आज इकडं? ताईकडं माल संपला वाटतं." साऱ्या मंडईनं माना वळवल्या.

आईनं ताकातला चाकवत दोन वाट्या खाल्ला. मी दारातून पाहिलं. बोटं चाटली तिनं. मला त्याचाही राग आला. शेवटचा चाकवत माझ्या गाळ्यावरचा असायला हवा होता आणि तो नव्हता, याचा दोष मी तुला दिला. नाही कोण म्हणालं होतं, हे मला आठवत नव्हतं असं समज.

अकराव्या दिवशी दुपारी तू फोन केलास, "ताई, ये. आत्ता ये." रिक्षा गाडीतळाच्या पुलाखाली अडकली. मी पोचले तेव्हा तू तिचे डोळे मिटवून बसली होतीस. दहा मिनिटं, तू म्हणालीस. फक्त दहा मिनिटं उशीर झाला. तू तिचा हात धरला होतास. मी रिक्षावाल्याशी भांडत होते.

दहाव्याला सगळे नातेवाईक जमले होते. कुणीतरी म्हणालं, वैशालीनं काय सेवा केली आईची, शिकलेली मुलगी घरात असावी. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "शिकली म्हणूनच आईला मारलं हिनं."

तुझा प्रशांत उठला, म्हणाला, "ताई, हे बरं नाही." मी म्हटलं, जावयांनी मध्ये बोलू नये. तुम्ही दोघं न जेवता विश्रांतवाडीला गेलात. ते वाक्य मी परत घेतलं नाही.

तीन महिन्यांनी तू गाळ्यावर आलीस. भर दुपार, मंडई ओस. मी पोत्यावर पाणी मारत होते. तुझी सावली आधी दिसली. तू म्हणालीस, "ताई, मला तुला काही विचारायचंय."

मी वर न बघता म्हटलं, "मेथी वीस रुपये जुडी. कमी होणार नाही."

तू वीस रुपये ठेवलेस, मी पुढं केलेली जुडी घेतलीस आणि गेलीस. जुडी कालची होती, वरून पाणी मारलेली. तुला माल कळत होता, माझ्याच हाताखाली शिकली होतीस. तरी घेतलीस. घरी जाऊन केलीस का फेकलीस, कोण जाणे. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकले. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

त्यानंतर तू आली नाहीस. मीही नाही. आणि मग प्रशांतचा फोन. कॉलेजचा जिना, छातीत कळ, संपलं. बाकीचं तुझ्या कॉलेजनं सूचनाफलकावर लिहिलंच आहे. आईला विचार करायला आठ दिवस मिळाले. तुला कुणी काही विचारावं एवढी सवडच कुणाला मिळाली नाही, आणि माणसांना विचारावं हे शिकवण्यात तुझी सगळी वर्षं गेली. याचा राग मी कुणावर काढायचा तेही तूच सांग.

तुझ्या तेराव्याला विश्रांतवाडीच्या घरी तुझ्या वर्गातल्या मुली आल्या होत्या, शेवटच्या वर्षाच्या. त्यातली एक, स्नेहा, सारखी माझ्याकडे बघत होती. शेवटी जवळ येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही मंगलताई का? मेथीच्या?"

"मेथीची म्हणजे?"

ती लाजली. मग तिनं सांगितलं. आणि वैशू, ते ऐकून मी त्या घरातून उठून जिन्यात जाऊन उभी राहिले, कारण तुझ्या फोटोला मी काही बोलले असते तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

दर वर्षी शेवटच्या तासाला तू मुलींना आईची गोष्ट सांगायचीस. डायलिसिस, आठ दिवस, सही, सगळं. मग म्हणायचीस, "रुग्णाचं ऐकलं हे मी बरोबर केलं. आजही तेच करीन. पण रुग्णाच्या उशाशी अकरा महिने जी बसली होती तिला मी दाराबाहेर ठेवलं. आईला सांगायला हवं होतं, की तू ताईला सांगू नको म्हणतेस, ते मला जमणार नाही. आपण दोघी मिळून सांगू. ते मी केलं नाही. ताईला मी घाबरले आणि घाबरण्याला गोपनीयता असं नाव दिलं."

एका मुलीनं विचारलं होतं, "मग मॅडम, तुम्ही त्यांची माफी मागितली का?"

"मागायला गेले होते," तू म्हणालीस. "तिनं मेथीचा भाव सांगितला."

सगळा वर्ग हसला म्हणे. तूही हसलीस. दोन वर्षं, दोन वर्ग, साठ-साठ पोरी माझ्यावर हसल्या. आणि हसू थांबल्यावर तू म्हणालीस, "रुग्ण एकदा नाही म्हणाला तर आपण दुसऱ्या दिवशी परत विचारतो. बहिणीला मी एकदाच विचारलं."

एकशेवीस पोरींना सांगितलंस. फळ्यापुढं उभं राहून, खडू हातात घेऊन. विश्रांतवाडीहून हडपसरला यायला तुला स्कूटरवर पाऊण तास लागत होता. तेवढं झालं नाही तुला. मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? आणखी चार शिव्या घातल्या असत्या. तू त्या आधीही खाल्ल्या होत्यास.

स्नेहानं जाताना विचारलं, "ताई, मॅडमची ही गोष्ट आम्ही पुढच्या मुलींना सांगितली तर चालेल का? तुम्ही आहात ना त्यात, म्हणून विचारते."

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यावर आली. दोन बस बदलून. मी म्हटलं, "काल नाही म्हटलं ना?" म्हणाली, "हो, म्हणून आज आले." मी तिला कोथिंबीर देऊन हाकललं. चार दिवसांनी परत आली. तेव्हा मी क्रेट उलटा केला आणि म्हटलं, बस. बसली. पण परवानगीचं तिनं काढलंच नाही. तिनं विचारलं, "वैशाली मॅडमनी त्या वेळी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

सव्वादोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मला विचारलं नाही, विचारलं नाही, एवढंच घोकत होते. विचारलं असतं तर काय, हे मी कधी पुढं नेलंच नाही.

मी नाही म्हटलं असतं. त्या मुलीला तेच सांगितलं. नाही म्हटलं असतं, आईला उचलून रिक्षात घातलं असतं, शुक्रवारी अकराला मशीनवर नेलं असतं आणि त्यानंतरच्या मंगळवारीही. ती ओकली असती, मी भांडं धरलं असतं, चाकवत आला नाही म्हणून सांगितलं असतं. तुला ते माहीत होतं. आईला तर होतंच. तुम्ही दोघी बरोबर होतात, आणि हे मी रडत नाही, रागानं लिहितेय.

तर आता ऐक. लहानपणापासून तुला ओळखणाऱ्या नातेवाईकांसमोर मी एक वाक्य बोलले होते. ते इथं छापून परत घेते. वैशालीनं आईला मारलं नाही. आईनं मागितलेलं मरण तिनं नीट, दुखू न देता सांभाळलं, आणि ते मला जमलं नसतं. हा अंक मी स्वतः नेऊन प्रत्येकाच्या घरी देणार आहे. प्रशांतला पहिला.

स्नेहाला म्हटलं, गोष्ट सांगा. पण अर्धी सांगायची नाही. ती बहीण नाहीच म्हणाली असती, हेही सांगायचं. आणि नाही म्हणणार हे माहीत असलं तरी विचारायचं असतं, हेही सांगायचं. जमेल तुम्हाला? ती म्हणाली, जमेल. पोरगी चांगली आहे. तुझ्यासारखंच तोंड खाली घालून ऐकते आणि हवं तेच करते.

पण वैशू, मला ती नको होती. क्रेटवर तू बसायला हवी होतीस. मेथीचा भाव सांगितला म्हणून कुणी बहिणीच्या दारातून परत जातं का? माझा पहिला भाव शेवटचा नसतो, हे मंडईतली नवी गिऱ्हाईकंसुद्धा आठवड्यात शिकतात. तू काही नवी नव्हतीस.

त्या मेथीच्या दुसऱ्या दिवशी गाळा उघडा होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

— मंगल